आधी कडा!

कडेकरांना तुम्ही ओळखता. आडनाव वेगळं असेल, सोसायटी वेगळी असेल, पण माणूस हाच. बँकेतून निवृत्त, सकाळी टेकडी, संध्याकाळी सोसायटीचा हिशेब आणि रात्री दहानंतर लॅपटॉपवर पन्नास-साठ रुपयांचा जिगसॉ. चित्रात एक बाई, चित्राचे चोपन्न तुकडे, ते जुळवायचे. बाईच्या अंगावर कपडे कितपत आहेत, हे कडेकरांना विचारू नये. ते शांतपणे सांगतात, "अजून तिथवर पोचलो नाही. आधी कडा!"

कडेकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे, कॉलनीनं दिलेली पदवी आहे. जिगसॉमध्ये आधी चार कोपरे शोधायचे, मग सरळ बाजूचे तुकडे, मग आतलं चित्र, हा साधा रिवाज. कडेकरांनी तो संसाराला लावला. पुरणपोळी ते कडेकडेनं खातात. मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा आधी मुलाचे मामा, चुलते आणि आत्तेभाऊ पाहून आले. "नवरामुलगा मधला तुकडा, तो बसतोच." दातांच्या डॉक्टरनं कुठला दात दुखतो म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पुढचाच दुखतोय, पण सुरुवात अक्कलदाढांपासून करा." सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय निघाला की हे कंपाउंडच्या भिंतीवर बोलतात.

या नादाचं मूळ सॅन होजेच्या भाच्यात. मामाशी बुद्धिबळ खेळता यावं म्हणून त्यानं स्टीम नावाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात यांचं खातं उघडून दिलं. 2015 पासून तिथे रुपयांत किमती दिसतात आणि रुपयांत किंमत दिसली की निवृत्त बँकवाल्याचा हात थांबत नाही. त्यात सेल लागला. बुद्धिबळात भाचा हरवतो, जिगसॉत कोणी हरवत नाही. कडेकर बुद्धिबळ विसरले.

कोणी हसलंच तर उत्तर तयार असतं. "अठराव्या शतकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं लाकडावर नकाशे चिकटवून कापले, पोरांना भूगोल यावा म्हणून. तिथून हा खेळ आला. मीही भूगोलच करतोय." नमुन्याचं चित्र मागे फिकट दिसण्याची सोय गेममध्ये असते, ती यांनी बंद ठेवली आहे. "कॉपी करून पास झालो नाही कधी!"

पण स्टीमला चुगलीची सवय. आपण गेम उघडला की मित्रांच्या पडद्याच्या कोपऱ्यात पाटी सरकते: अमुक अमुक आता हे खेळत आहेत. भाचा सासूबाईंना टीव्हीवर बारशाचे फोटो दाखवत होता, त्यात पाळण्याच्या शेजारी मामांची पाटी उगवली. गेमच्या नावातला एकही शब्द बारशाला शोभणारा नव्हता. भाच्यानं घाईघाईनं फोन केला. कडेकर म्हणाले, "सासूबाईंना सांग, अजून कडाच चालू आहेत."

2024 मध्ये स्टीमनं एखादा गेम खासगी करून लपवायची सोय दिली. भाच्यानं लगेच कळवलं. कडेकरांनी बुद्धिबळासकट सगळे गेम लपवले. का, तर "एकच लपवला तर संशय येतो!" भाच्याला आता मामा हयात आहेत की नाहीत, हे विचारायलाही फोन करावा लागतो.

चित्रकलेचेही ते कडक परीक्षक. हल्ली यातली बरीच चित्रं एआयकडून काढून घेतलेली असतात. कडेकरांनी एका सुंदरीचा हात मन लावून जुळवला आणि बोटं मोजली तर सहा. तुकडा चुकला म्हणून हात मोडून पुन्हा जुळवला, पुन्हा सहा. मग अभिप्राय लिहिला: "खिडकीची चौकट उत्तम. पडदा ठीक. बाईला बोट जास्त आहे. कडा समाधानकारक."

जुलै 2025 मध्ये पेमेंट कंपन्यांच्या दबावाखाली स्टीमनं काही प्रौढ खेळ दुकानातून काढले. बातमी वाचून कडेकरांनी धडधडत्या छातीनं आपला संग्रह तपासला. सगळे गेम जागेवर होते. दोन दिवस ते घुश्शात होते. "काढण्याइतकंसुद्धा आमच्यात काही नाही?"

एवढं लिहिल्यावर त्यांच्या बाजूनं दोन शब्द लिहिणं भाग आहे. विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर स्टीम गेमचे पैसे परत देतं. कडेकरांचा जिगसॉ दीड तासात संपतो. भाचा म्हणाला, "मामा, पैसे परत मागा." मामा म्हणाले, "जेवून उठल्यावर ताटाचे पैसे परत मागायचे नसतात." आमच्या कॉलनीतली प्रतिष्ठित मंडळी याहून पुष्कळ काही पाहतात, फुकट पाहतात आणि सकाळी टेकडीवर संस्कृतीच्या ऱ्हासावर बोलतात. रोख पैसे मोजून, जीएसटी भरून, स्वतःच्या नावानं असलं काही विकत घेणारा आमच्यात हा एकच. त्याच्याचकडे पाहून आम्ही हसतो.

चित्र पुरं झालं की कडेकर ते पाहत नाहीत, हे मात्र खरं. शेवटचा तुकडा बसतो, गेम शाबासकी देतो आणि हे लगेच पुढचं चित्र उघडतात. एकदा मी म्हटलं, "एवढे कष्ट घेतलेत, जरा बघा तरी." चष्मा पुसत म्हणाले, "पुऱ्या झालेल्या चित्रात आपलं काय काम?" घरात ते एकटेच असतात. मुलीचं सगळं मार्गी लागलंय, कर्ज फिटलंय, हिशेब जुळलेत. करायचं राहिलंय असं त्या घरात फक्त पुढचं चित्र असतं.

तेव्हा तुमच्या सोसायटीतही असे कडेकर असतील तर त्यांना हसा, माझी हरकत नाही. पण खजिनदार त्यांनाच करा. लिफ्ट उशिरा येईल, हिशेबात मात्र एक तुकडाही कमी निघणार नाही.