मणिबेलीत तार तुटली तर?

महाराष्ट्राच्या विधानसभा मतदारसंघांची यादी अक्कलकुव्यापासून सुरू होते आणि अक्कलकुव्याचं पहिलं मतदान केंद्र मणिबेली. सरदार सरोवराच्या बुडिताचा राज्यातला पहिला घाव याच नर्मदाकाठच्या गावानं सोसला. निवडणुकीचे कर्मचारी मतदान यंत्रं घेऊन तिथं बोटीनं जातात. शिकाऊ गिटार झिजवून आता ‘जरा बरी’ इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेल्या प्रत्येकानं, तो नंदुरबारचा असो की नाशिकचा, पैसे मोजण्याआधी एक प्रश्न विचारावा: ही गिटार मणिबेलीत टिकेल का?

बाजारातला सगळा सल्ला मोठ्या शहरातल्या गिऱ्हाईकासाठी असतो. कोपऱ्यावर वाद्यांचं दुकान, त्यात दुरुस्तीचा कारागीर, घरात अखंड वीज, हे सगळं त्यात गृहीत धरलेलं. तालुक्याच्या गावी तबल्याला शाई भरणारा एखादा भेटतो, गिटारीची मान सरळ करणारा सहसा भेटत नाही. म्हणून दुसरी गिटार निवडताना पहिली कसोटी आवाजाची ठेवू नका, दुरुस्तीची ठेवा.

तरंगत्या ब्रिजची, फ्लॉइड रोझ पद्धतीची गिटार दिसते झकास. पण तिची एक तार तुटली की आतल्या स्प्रिंगांचा ताण ब्रिज मागे खेचतो आणि उरलेल्या पाचही बेसूर होतात. नवी तार बसवायची तर बहुतेक वेळा आधी तिच्या टोकाचा गोळा कापावा लागतो, मग ॲलन की घेऊन वरचं आणि खालचं कुलूप आवळावं लागतं. नवशिक्यानं या भानगडीत पडूच नये. ठोकळ्यासारखा घट्ट बसवलेला ब्रिज घ्यावा. लिओ फेंडरनं १९५० साली बाजारात आणलेली आणि पुढं टेलिकास्टर या नावानं गाजलेली गिटार तशीच आहे. हा माणूस कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण बिघडलेली वस्तू उघडता आली पाहिजे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मान चार स्क्रूंनी जोडलेली, स्क्रू काढले की वेगळी. सत्तर वर्षं उलटून गेली तरी कमी पैशांत घ्यायला या घडणीइतकी शहाणी घडण मला दुसरी दिसत नाही.

आता विजेचं. इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की लोक आधी प्लग शोधतात. साध्या पिकअपच्या गिटारीला मात्र स्वतःला वीज लागतच नाही. चुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते, वर पोलादी तार थरथरली की त्या गुंडाळीत किंचित वीज तयार होते. वीज लागते ती अँपला, आणि हेडफोनचा चिमुकला अँप दोन बारक्या सेलवर चालतो. मणिबेलीच्या खोऱ्यात हे महत्त्वाचं ठरतं. सरदार सरोवराची वीजनिर्मिती क्षमता १,४५० मेगावॉट, त्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. ज्यांची घरं-शेतं त्या पाण्यात गेली त्या डोंगरातली गावं मात्र वर्षानुवर्षं अंधारात राहिली. धडगाव तालुक्यातल्या बिलगावच्या लोकांनी २००३ मध्ये श्रमदान करून १५ किलोवॉटचा स्वतःचा जलविद्युत प्रकल्प उभारला, तो २००६ च्या पुरात गेला. हा अन्याय साधासुधा नाही. त्या खोऱ्यातल्या पोराला इलेक्ट्रिक गिटार हवीशी वाटली, तर ‘तिकडं कशाला असली थेरं’ असं म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. काठी गावच्या होळीला रात्रभर घुमणारा ढोल वाजवणाराच आवळतो आणि सुरात आणतो. आपलं वाद्य आपल्या हातांनी नीट ठेवणं सातपुड्याला नवं नाही.

पैशांचं बोलू. वीस हजार असतील तर वीसच्या वीस गिटारीत घालू नका. तेरा-चौदा हजार तिला, उरलेले अँप, सेटअप, तारा आणि केबलला. त्याही आधी जुन्या गिटारीला नव्या तारा चढवा, तारांची उंची कमी करून घ्या. पुष्कळदा खराब वाटणारी गिटार नुसती हेळसांड झालेली असते, आणि असे पुष्कळ पैसे वाचतात.

दुकानात गेल्यावर नावाची पट्टी नंतर वाचा. मानेच्या कडेवरून अंगठा फिरवा, फ्रेटची टोकं टोचली तर परत ठेवा. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, मग तिथंच तार दाबून वाजवा. दोन्ही सूर जुळले पाहिजेत. तारा जोरात ताणून सोडा आणि ट्यूनर पुन्हा बघा. पावसाळ्यात मान हलणारच, तेव्हा ट्रस रॉडचा नट कुठं आहे आणि त्याला कोणती किल्ली लागते ते विचारा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचा नाही. जुनी गिटार मिळत असेल तर खुशाल घ्या, फक्त मान एका डोळ्यानं लांबीच्या दिशेनं न्याहाळा.

शेवटी दुकानदाराला एक तार काढायला सांगा आणि त्याच्या देखत ती स्वतःच्या हातांनी परत चढवा. जमली तरच पैसे द्या.