संशयाचा फायदा

भारतीय टपाल खात्याने या देशातली किती नाती वाचवली, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. पत्रं वेळेवर पोचवून वाचवली ती वेगळी. मी म्हणतोय ती, पत्रं न पोचवल्याचा आळ निमूट अंगावर घेऊन वाचवलेली. पुतण्याच्या मुंजीला काका फिरकले नाहीत, तरी पुढच्या भेटीत "अरे, पत्रिका मिळालीच नाही" एवढं म्हटलं की प्रकरण मिटायचं. पत्रिका मिळालेली असायची. खुंटीवरच्या तारेत विजेच्या बिलाखाली ओवलेलीही असायची. पण मुंज वाईला, त्यात महिनाअखेर, आणि गेलं की आहेर आला. मुंजीवाल्यांना हे सगळं अंदाजाने ठाऊक असायचं. तरी ते म्हणायचे, "टपालाचं हल्ली काही खरं नाही बघा," आणि बुंदीच्या लाडवांचा डबा पुढे सरकवायचे. दिवाळीची पोस्त मागायला दारात उभ्या राहिलेल्या पोस्टमनला, आपण किती घरं सांभाळतो आहोत, याची कल्पनाही नसायची.

कोर्टात ज्याला संशयाचा फायदा म्हणतात, तो आपल्याकडे नातेवाइकांत पिढ्यान्‌पिढ्या वाटला गेला. गुन्हा घडलेला असतो, आरोपी समोर बसून पोहे खात असतो, फिर्यादीच त्याला वरून खोबरं घालत असतो. पण पुरावा नसतो, म्हणून निर्दोष सुटका. आणि पुरावा नसण्याचं श्रेय बहुतेक वेळा दळणवळणाच्या गैरसोयीला जायचं.

टेलिफोन आला तेव्हा ही सोय जाईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फोनसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं बसायचे, त्यामुळे बहुतेकांचा फोन शेजाऱ्यांकडे. कार्डावर नंबरापुढे कंसात 'पी. पी.' छापलेलं असायचं. या दोन अक्षरांनी किती जणांची अब्रू राखली! निरोप मिळाला नाही म्हणावं, खापर समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींवर फोडावं, आणि त्या वहिनी कधी आपल्या नातेवाइकांना भेटणार नसतात, त्यामुळे उलटतपासणीचीही भीती नाही. पुढे घरोघर फोन आले, तर पावसाळ्यात ते मरायचे. ट्रंक कॉल लागला तरी घसा फोडून बोलावं लागे आणि "ऐकू येत नाहीये!" हे कुठल्याही अवघड प्रश्नाला चालणारं उत्तर होतं. उसने घेतलेले पैसे कधी देतोस, हा प्रश्न लांब पल्ल्याच्या लाइनवर कधी कुणाला नीट ऐकू आल्याचं मला आठवत नाही.

सोशल मीडियाने नाती बिघडवली, उथळ केली, अशी तक्रार हल्ली सगळेच करतात, आणि ती सोशल मीडियावरच करतात. तिच्यातलं मुख्य कलम असं, की लोक आता मनापासून काही लिहीत नाहीत. दुसऱ्याने पाठवलेला गुलाब तिसऱ्याला ढकलतात. कुणी गेलं तर हात जोडलेलं चित्र, कुणी जन्मलं तर टाळ्यांचं चित्र. मला या कलमात फारसा दम वाटत नाही. आपले पूर्वज तरी प्रत्येक पत्र नव्याने कुठे लिहीत होते? साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे, लोभ असावा. मधल्या दोन ओळी सोडल्या तर सगळ्या महाराष्ट्राचं एकच पत्र होतं. तारखात्याने तर कमालच केली होती. शुभेच्छांचे ठरावीक मजकूर आणि त्यांना क्रमांक. पोस्टात जाऊन आपण नुसता आकडा सांगायचा, पलीकडे त्या आकड्याचा आशीर्वाद निघायचा. लग्नाच्या मांडवात त्या तारा वाचून दाखवल्या जात आणि आपल्याला दोन मामांकडून शब्दन्‌शब्द सारखंच प्रेम कसं मिळालं, असं नवरा-नवरीपैकी कुणी विचारत नसे. ही तारसेवा १५ जुलै २०१३ला बंद झाली, तेव्हा हळहळणाऱ्यांत गुड मॉर्निंगच्या गुलाबांवर नाक मुरडणारेही असतील. तयार मजकूर हा नात्याचा शत्रू नाही. 'मी अजून आहे आणि तू मला आठवतोस' एवढंच कळवायचं असतं. त्याला आकडा चालतो, गुलाबही चालतो.

बदल झाला तो वेगळ्याच ठिकाणी.

व्हॉट्सॲप २००९ साली निघालं. निरोप गेला की एक करडी खूण आणि समोरच्याच्या फोनवर पोचला की दुसरी. इथवर ठीक होतं. रजिस्टर्ड पत्राची पोच यावी तसलाच प्रकार. पोचलं म्हणजे वाचलं असं थोडंच? पण नोव्हेंबर २०१४मध्ये या खुणा निळ्या व्हायला लागल्या. निळी खूण म्हणजे वाचलं. एखाद्या करारात किंवा कायद्यात न बसणारी ही साधी गोष्ट, पण तिने नातेसंबंधांतली सगळ्यांत जुनी सबब एका रात्रीत मारली. टपाल खातं, शेजारच्या वहिनी, पावसाळा, सगळे साक्षीदार एकदम बाद. आता मावशीने सकाळी विचारलेलं असतं, "येणार ना रे रविवारी?" आणि नऊ वाजून चार मिनिटांनी तुम्ही ते वाचलेलं असतं. उत्तर दिलेलं नसतं. रविवार जवळ येतो तशा त्या दोन निळ्या खुणा तिच्या फोनमध्ये नुसत्या बसून असतात, आणि मावशी काही बोलत नाही. मावशीने बोलणं परवडतं.

घरच्या ग्रुपवर तर याहून कडक बंदोबस्त असतो. एकट्याच्या चॅटमधली निळी खूण निदान बंद करता येते. ग्रुपमध्ये ती सोयही नाही. आपण टाकलेल्या मेसेजवर बोट दाबून 'इन्फो' उघडलं की तो कुणी वाचला आणि कुणाला नुसता पोचला, याची यादी वेळेसकट उघडते. आपल्यापैकी बहुतेकांना ही सोय ठाऊक नसते. पण प्रत्येक कुटुंबात बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले एक काका असतात आणि त्यांना ती ठाऊक असते. गणपतीच्या वर्गणीचा मेसेज त्यांनी टाकला, की संध्याकाळी ते यादी तपासायला बसतात. "एकवीस जणांनी वाचलाय, उत्तरं सहा," असं ते ग्रुपवर जाहीर करतात. हा मेसेज मग सत्तावीसच्या सत्तावीस जण वाचतात आणि उत्तरं चार येतात.

चुकून काही लिहिलं तर पुसायची सोय २०१७मध्ये आली. पण पुसल्याची पाटी मागे राहते. आता काकूंनी काहीतरी लिहिलं आणि काढून टाकलं, एवढं सगळ्यांना दिसतं. काय लिहिलं ते दिसत नाही. काकू बोलून मोकळ्या झाल्या असत्या तर तासाभराने विषय संपला असता. आता त्या पाटीखाली काय असेल, याचा तर्क दोन सुना आणि एक नणंद महिनाभर लढवतात, आणि त्यांना सुचलेली वाक्यं काकूंना जन्मात सुचली नसती.

बरं, पुरावा आपण स्वतःच सोडला पाहिजे असंही नाही. "बरं वाटत नाहीये" असं कळवून साखरपुडा चुकवावा, आणि त्याच दुपारी महाबळेश्वरला मक्याचं कणीस खाताना मित्राने काढलेला फोटो त्याने आपलं नाव जोडून फेसबुकवर टाकावा! पूर्वी "अगदी घरच्या घरी उरकलं हो" या एका वाक्यात न बोलावलेल्या दोनशे माणसांचा मान राखला जायचा. आता त्या घरच्या घरचं ड्रोनने टिपलेलं चित्रीकरण, खाली हॉलचं नाव आणि पंगतीत आपला सख्खा साडू, असं सगळं आपल्याच बिछान्यात आपल्याला दिसतं. बोलावलं नाही याचं दुःख माणूस पचवतो. बोलावलं नाही हे इतक्या सविस्तर कळावं, याची सवय आपल्या समाजाला नव्हती.

याचा अर्थ जुनं ते सोनं, असं मी म्हणत नाही. मेलबर्नला झालेलं बारसं सांगलीतल्या पणजीने अंथरुणात पडल्या पडल्या पाहावं आणि नाव ऐकून "हे कसलं नाव!" असं तिथल्या तिथे म्हणावं, हे टपाल खात्याला शंभर वर्षांत जमलं नसतं. २०२०च्या टाळेबंदीत माणूस माणसाला दिसत राहिला तो याच काचेतून. मुद्दा फक्त एवढाच, की माणसं जवळ आली तशी त्यांच्यामध्ये असलेली धुक्याची पट्टीही गेली. लांबून सगळेच नातेवाईक बरे दिसायचे, त्यात त्या धुक्याचा वाटा मोठा होता.

आणि संशयाच्या फायद्याची गोष्ट नेहमीच हसण्यावारी नेता येत नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. ती भिक्षा मागत फिरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती. त्या दिवसांत अशा अफवा फोनाफोनांतून देशभर फिरत होत्या आणि ठिकठिकाणी जीव जात होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी मेसेज पुढे ढकलता येईल, अशी मर्यादा घातली. विचार केला तर अंगावर काटा येतो. ज्या फोनवर भाचीचं "नेट नव्हतं मामा" आपल्याला पटत नाही, त्याच फोनवर कुणी लिहिला, कुठून आला, याचा पत्ता नसलेला मजकूर आपल्याला चटकन पटतो. संशय घ्यायचा तिथे आपण घेत नाही; आणि त्याचा फायदा द्यायचा तिथे देत नाही.

मौज अशी, की ज्यांनी ही निळी खूण काढली, त्यांनाही माणूस हळूहळू कळत गेला. लोकांनी इतका ओरडा केला, की खूण आली त्याच महिन्यात ती बंद ठेवायची सोय यायला लागली. २०२०मध्ये ग्रुपचा आवाज 'कायमचा' बंद करायची सोय झाली. त्याआधी जास्तीत जास्त वर्षभर करता यायचा, म्हणजे दरवर्षी नूतनीकरण आलं. २०२२मध्ये तर गाजावाजा न करता ग्रुप सोडता येऊ लागला, फक्त ॲडमिनला कळतं. त्याआधी 'अमुक अमुक बाहेर पडले' अशी दवंडी पिटली जायची, आणि पाठोपाठ "काय झालं?" "कोण काय बोललं?" "मी काही बोलले नाही हं" असे तीन मेसेज ठरलेले. अमेरिकेतल्या हुशार इंजिनियरांनी कोट्यवधी खर्चून शेवटी काय बनवलं, तर आमची 'पत्रिका मिळाली नाही'.

आणि जिथे त्यांची बुद्धी पोचली नाही, तिथे आपली पोचतेच. गावी रेंज नसते, ही सबब कोकणात अजून खणखणीत चालते; मोबाइलचे मनोरे वाढत चाललेत म्हणून काही चाकरमानी चिंतेत असल्याचं ऐकतो. गॅलरी फुल झाली होती, फोन दुरुस्तीला टाकला होता, मेसेज नोटिफिकेशनमध्येच दिसला, 'नंतर निवांत उत्तर देऊ म्हटलं आणि राहूनच गेलं.' यातली शेवटची सबब पुष्कळदा खरी असते आणि म्हणूनच तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

पण सबब एकट्याने चालत नाही. ती सांगणाऱ्याला फक्त थोडी कल्पकता लागते. खरं काम मान्य करणाऱ्याचं असतं. खोटं आहे हे कळूनही ते पुढे रेटायचं नाही, चेहऱ्यावर दाखवायचं नाही, आणि चहा टाकायला आत जायचं. हे करतो तोच नातं चालवतो. वाढदिवसाला फेसबुक आठवण करून देतं, हे कुणाला ठाऊक नाही? तरी सकाळी फोन करणारा म्हणतो, "मला आपला आठवतोच." आणि पलीकडचा म्हणतो, "तुझं बाबा असतंच लक्षात!" दोघांनाही यंत्राचा उपकार ठाऊक असतो आणि दोघेही त्याचं नाव काढत नाहीत. या लबाडीला मी मान देतो. पुरावा तपासून चालते ती सोसायटीची वार्षिक सभा. घर पुरावा बाजूला ठेवून चालतं. निळ्या खुणेने पुरावा मुबलक केला आहे, एवढंच. बाजूला ठेवायला जागा जरा जास्त लागते.

आमच्या आत्याकडे ती आहे. तिच्या भाचेसुनेने चार मेसेज वाचून उत्तर दिलं नाही, आणि मग भेटीत म्हणाली, "अहो आत्या, फोन सारखा बाळाच्या हातात असतो, तोच उघडतो सगळं!" बाळ अजून रांगतंय. आत्याने हे ऐकून घेतलं, बाळाला उचलून मांडीवर घेतलं, आणि आता ती ज्याला त्याला कौतुकाने सांगत असते, की आमच्या घरात एकटं हे पोरच माझं सगळं वाचतं.