चाचणीची पावती फाडत नाहीत

जानेवारी 2025. बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. टकलांचे फोटो देशभर फिरले. आयसीएमआरचं पथक आलं, पाण्याचे आणि रक्ताचे नमुने गेले. योग्यच झालं. पण त्याच जिल्ह्यात पोट फुगलेली बाई महिनोन्‌महिने गॅसच्या गोळ्या खात राहते, तिच्यासाठी कोण धावतं?

अंडाशयाचा कॅन्सर फोटोत दिसत नाही.

ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार 2022 मध्ये देशात सुमारे 47 हजार बायकांना तो झाला आणि सुमारे 33 हजार जणी गेल्या. बहुतेकींना कळतं ते तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात. ऑपरेशन होतं, केमो होते, रिपोर्ट चांगला येतो, घरी सत्यनारायण होतो. आणि या टप्प्यातल्या दहापैकी सातेक जणींचा आजार पुन्हा उलटतो.

अशाच घरात मोबाइलवर बातमी येते: दुसऱ्याच्या पेशी घ्या, कॅन्सर बरा करा.

बातमीत तथ्य आहे का? आहे. निरोगी दात्याच्या रक्तातून किंवा बाळाच्या नाळेच्या रक्तातून टी-पेशी, एनके पेशी या रोगाशी लढणाऱ्या पेशी घेतात. प्रयोगशाळेत त्या वाढवतात, गाठ ओळखण्यासाठी त्यांच्यात बदल करतात, गोठवून तयार ठेवतात. केमोने थकलेल्या रुग्णाच्या स्वतःच्या पेशींवर विसंबायला नको, आठवडे वाट बघायला नको. विज्ञान खरं आहे. उपचार अजून चाचणीत आहे.

हा फरक फॉरवर्डमध्ये कधीच नसतो.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने नात्यातल्या दात्यांच्या एनके पेशी 20 जणींना दिल्या, त्यातल्या 14 अंडाशयाच्या कॅन्सरच्या. निष्कर्ष 2011 मध्ये आले. काहींच्या गाठी आक्रसल्या, पण पेशी शरीरात फार काळ टिकल्या नाहीत. रुग्णाचं शरीर दात्याच्या पेशींना परकं समजून मारतं. दात्याच्या टी-पेशी उलट रुग्णाच्याच शरीरावर तुटून पडू शकतात. त्यातून वाचल्या, तर गाठीभोवतीचं वातावरण त्यांना निष्प्रभ करतं. शास्त्रज्ञ या तिन्ही अडचणींशी अजून झगडत आहेत, मग असा उपचार विकणाऱ्या एजंटाकडे गॅरंटी कुठून आली?

'पण आपल्याकडे कार-टी ही पेशींची थेरपी आली ना?' आली, आणि अभिमानाने सांगावी अशी आली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार19 ला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली, एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झालं. ती रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे, तीही रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून. अंडाशयासाठी नाही.

आणि खर्च? अमेरिकेपेक्षा कितीतरी स्वस्त, तरी 40 लाखांच्या आसपास. महात्मा फुले योजनेचं कवच कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं. कोरडवाहू सोयाबीनवर जगणाऱ्या घराने उरलेले 35 लाख कुठून आणायचे?

म्हणून एक खूणगाठ बांधा. खऱ्या चाचणीत, जे औषध तपासलं जातंय त्याची किंमत रुग्णाकडून मागत नाहीत. चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत असते, एथिक्स कमिटीची मंजुरी असते. चाचणीमुळे इजा झाली, तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. नोंदणी क्रमांक विचारा. समोरचा चिडला तर उठा.

आधी पैसे भरा म्हणणारा चाचणी करत नाही, धंदा करतो.

आता गावाकडे या. 'माझी पिशवी काढलीय, मला कसला कॅन्सर?' हे आशाताईंनी किती वेळा ऐकलं असेल! पिशवी काढली तरी अंडाशयं अनेकदा आतच असतात. हे ऑपरेशनच्या आधी बाईला कुणी सांगितलं होतं का?

सरसकट सगळ्यांच्या तपासणीने हा आजार आटोक्यात येत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर ते करून पाहिलं, 2021 च्या निष्कर्षात मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. पण ज्या बाईचं पोट आठवड्यानुआठवडे फुगतंय, दोन घासांत भरतंय, ओटीपोट दुखतंय, लघवीला सारखं जावं लागतंय, तिची सोनोग्राफी आणि रक्ताची सीए-125 तपासणी करायला कुठल्या नव्या संशोधनाची वाट बघायची?

मेहकर, लोणार, सिंदखेड राजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर जवळ आलं, मुंबई जवळ आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूरला सोनोग्राफी किती जवळ आली?

मागणी साधी आहे. तालुक्याला सोनोग्राफीचं यंत्र आणि ते चालवणारा डॉक्टर, दोन्ही द्या. छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर रुग्णालयापर्यंतचा रस्ता चिठ्ठीवर लिहून द्या, रुग्णासोबत येणाऱ्याचं भाडंही द्या. रुग्णाच्या बीआरसीए जनुकांची तपासणी करा. दोष सापडला तर तिच्या बहिणी-मुलींचीही करा.

आणि उपचार घेणाऱ्या ताई, तुमच्यासाठी एक काम. उद्या दात्याच्या पेशींची चाचणी महाराष्ट्रात आली, तर आधी तुमचे कागद मागतील. बायोप्सीचा रिपोर्ट, केमोच्या तारखा, सीए-125 चे आकडे, सगळं एका फायलीत जपून ठेवा.

त्या फायलीत शेताचा सातबारा मात्र कुणालाही घालू देऊ नका.