नवशिक्यांसाठी: पाणी कुठवर आलं, ते कसं सांगावं

पंचगंगा पात्राबाहेर पडली की कोल्हापुरात एकच काम उरतं: दुसऱ्याला ठाऊक नसलेलं त्याच्या कानावर घालणं. अडचण एवढीच, की ठाऊक नसलेला माणूस गावात सापडत नाही. घाबरू नका, सरावानं जमतं.

1. 'माहीत आहे का?' असं कधी विचारू नका. समोरचा 'व्हय' म्हणाला की खेळ खलास. गाडी बंद करा, रेनकोटची टोपी मागं सारा, इकडंतिकडं बघा आणि म्हणा, 'तुला अजून कळलं न्हाई व्हय?' एवढ्यानं भलेभले गार होतात.

2. आकडे पाठ करा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. सरकारी आकडा सगळ्यांच्याच मोबाईलवर येतो, म्हणून तुम्ही वर दोन इंच घाला. नुसते फूट सांगणारा ऐकीव. इंच सांगणारा 'स्वतः जाऊन आलेला'. मुरलेले लोक तर पत्त्यातच बोलतात: 'जामदार क्लब गेला, आता गायकवाड वाडा.' तरीही ऐकणारा जांभई देऊ लागला तर 2019 काढा. पाणी 55 फुटांवर गेलेलं सगळ्यांना आठवतं. तुमच्या जिन्याची कितवी पायरी बुडाली, हे मात्र बिचाऱ्याला खरंच माहीत नसतं.

3. राधानगरी. धरणाचे 7 दरवाजे स्वयंचलित; तलाव भरला की आपोआप उघडतात. हे चुकूनही बोलू नका. आपोआप घडणाऱ्या गोष्टीत आतली बातमी कुठली? 'रातच्याला सोडायचं ठरलंय, आमच्या पावण्याचा फोन आलता,' म्हणा. कुठला पावणा, असं कुणी खोदून विचारलं तर सरळ कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावर या. तो विषय निघाला की कुणी काही विचारत नाही, सगळे सांगायलाच लागतात.

4. शेवटी 'तुला म्हणून सांगतोय' जोडा. मिरजकर तिकटीपर्यंत आणखी चौघांना हेच म्हणा.

5. सुतारवाड्यात जाऊ नका. पाणी चढायला लागलं की तिथली माणसं भांडीकुंडी, गाद्या, पोरंबाळं घेऊन चित्रदुर्ग मठात गेलेली असतात. तुमच्या दोन इंचांना तिथं गिऱ्हाईक नाही.

6. अगदीच कुणी मिळालं नाही, तर पुण्याच्या आत्याला फोन लावा. 'अरे, टीव्हीवर दाखवतायत, 44 झालं,' असं ती म्हणेल. तुमच्याकडं अजून 43 असेल. 'व्हय, तेच सांगायला केलाय,' म्हणा.