करंट कोण खातंय?

गाडीला मागून धक्का देणाऱ्या माणसाला ओहमचा नियम सांगू नये, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. त्याआधी बत्तीस वर्षं तो नियम मी बारावीच्या मुलांना सांगत होतो. पण त्यातल्या कुणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

महिन्यात तिसऱ्यांदा बॅटरी बसली होती. किल्ली फिरवली की समोरचे दिवे मिणमिणायचे, बॉनेटखाली 'कट्' असा एकच आवाज व्हायचा आणि मग शांतता. सोसायटीत प्रत्येकाचं निदान तयार होतं. सेल गेला असेल. डायनॅमो चार्ज करत नसेल. टर्मिनलवर गरम पाणी ओता. भंगारात घाला. हे शेवटचं बायकोचं. बॅटरीवाल्याने मात्र मीटर लावून बॅटरी निर्दोष सोडली. चालू गाडीत चौदा व्होल्ट मिळत होते, म्हणजे डायनॅमोही सुटला. "सर, गाडी करंट खातीया. कुठंतरी लीकेज हाय. वायरमनला दावा."

वायरमनला! 'विद्युतधारा' हे प्रकरण मी बत्तीस वेळा शिकवलं, आणि मी वायरमनला दाखवू?

रविवारी सकाळी मल्टिमीटर, वही आणि इस्त्रीचा शर्ट अशा तयारीने मी पार्किंगमध्ये उतरलो. तीनचार मुलं जमली. मी त्यांना सांगितलं, की गास्ताँ प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये असली बॅटरी पहिल्यांदा केली, आतल्या सहा घरांत प्रत्येकी दोन व्होल्ट आणि वर थोडे, पूर्ण भरली की १२.६, बारापाशी आली की समजायचं संपत आली. एवढं सांगून मी मीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात तशीच ठेवून व्होल्टेज मोजायला गेलो. या चुकीसाठी मी मुलांचे प्रॅक्टिकलचे मार्क कापलेले आहेत. मीटरच्या आत फट् झालं. फ्यूज गेला. मुलं क्रिकेट खेळायला गेली.

नवा फ्यूज घालून, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, मधे मीटर जोडून मी रीतसर मोजलं. ०.८५ अँपिअर. गाडी बंद असताना घड्याळ वगैरे चालवायला पाच शतांश अँपिअर पुष्कळ. पण मग लक्षात आलं की बॉनेटचा खटका ओढताना दार उघडं राहिलंय आणि छताचा दिवा जळतोय. दहा वॉटचा तो दिवा म्हणजे ०.८३. तो वजा केला. उरले दोन शतांश. गाडी निर्दोष! वहीत मी खाली दोन रेघा मारल्या. त्या दोन रेघांची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

बुधवारी बॅटरी बसली.

इथे मला धक्क्याबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण त्या महिन्यात मी त्या विषयात जवळजवळ पीएच.डी. केली. साताऱ्यात, म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, उताराला तोटा नाही. फक्त आमची सोसायटी बिल्डरने नेमकी सपाटीवर बांधली आहे. तेव्हा माणसं लागतात. चार माणसं जमली, की त्यातली दोन खरी. तिसरा माणूस डिकीवर नुसते तळहात टेकवून 'हां… हां… आली' म्हणतो. त्याचा जोर आवाजात असतो. चौथा धक्का देतच नाही. तो ड्रायव्हरच्या खिडकीशी चालत येतो आणि विचारतो, "पेट्रोल आहे ना?" पाचवा असलाच तर तो कुत्रं असतं, आणि उत्साह त्याचा सर्वांत निर्मळ. आत बसलेल्याची अवस्था लग्नातल्या नवरदेवासारखी. सगळे आपल्यासाठी घाम गाळताहेत आणि आपण बसून राहणं हेच आपलं काम. चेहऱ्यावर कष्ट दाखवावेत म्हणून मी स्टिअरिंगवर पुढे वाकून दात आवळायचो. एकदा मागून आवाज आला, "सर, तुम्ही बसा निवांत!" आरशात पाहिलं तर माझाच विद्यार्थी. तीसपैकी कसेबसे अकरा मार्क दिले होते त्याला. त्यानेच मला शिकवलं, की पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला तर गाडी झटका देऊन थांबते. दुसरा टाका, वेग येऊ द्या आणि मग सोडा. आणि या शास्त्रातली सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच आहे. धक्क्याने सुरू झालेली गाडी थांबवायची भीती वाटते. त्यामुळे ज्यांनी धक्का दिला त्यांच्याच तोंडावर धूर सोडून आपण निघून जातो. खिडकीतून हात हलवतो, तो त्यांना दिसत नाही. आभार राहतातच.

असो.

त्या दिवसांत गाडीत आणखीही बारीकसारीक घडत होतं. पहिल्या गिअरमध्ये ठेवलेली गाडी न्यूट्रलला सापडायची. सीट दोन खाचा मागे गेलेलं असायचं. आरसा छताकडे बघायचा. मी हे सगळं माझ्या विसरभोळेपणाच्या खात्यावर टाकलं. शास्त्रज्ञाला तो शोभतो.

शेवटी वॉचमनलाच विचारलं, रात्री गाडीपाशी कुणी येतं का.

"कोन न्हाई सर. दिवा तेवढा असतोय."

"कसला दिवा?"

"आतला. रोज नसतोय. मला वाटलं, गणपतीम्होरला आसंल. म्हटलं, आज सरांची संकष्टी."

डॅशबोर्डवरचा इंचभर गणपती आणि त्याच्यावर रात्रभर जळणारा दहा वॉटचा दिवा! माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. ०.८३ ने भागा. बेचाळीस तासांत खडखडाट, आणि सेल्फ त्याच्या कितीतरी आधी हात टेकणार. हे गणित मी तोंडी केलं, आणि एवढ्यात तो म्हणाला, "दुपारी आण्णा बसत्यात, त्येंनीच लावला आसंल म्हनून मी कधी बोललो न्हाई."

अण्णा, म्हणजे माझे वडील, शहाऐंशी वर्षांचे. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर, सातारा डेपो. जेवणानंतर 'खाली फेरी मारून येतो' म्हणतात आणि चारच्या चहाला येतात. फेरी एवढा वेळ कशी चालते हे घरात कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खांबाआड उभा राहिलो. अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. आरसा त्यांनी त्यांच्या पद्धतीने फिरवला. डावा पाय क्लचवर गेला, गिअर दुसऱ्यात पडला, दोन्ही हात स्टिअरिंगवर स्थिर. गाडी हलत नव्हती, पण ते वळणं घेत होते. अंग जरा कलायचं, मग सरळ व्हायचं. मेढ्यावरून महाबळेश्वरला जाणारा केळघर घाट असावा. ती त्यांची आवडती ड्यूटी. मुक्कामाची गाडी रात्री नाक उताराला करूनच लावायची, म्हणजे सकाळच्या थंडीत बॅटरीचे पाय धरावे लागत नाहीत, हे मी त्यांच्याकडून लहानपणी शंभरदा ऐकलंय. महिनाभर बॅटरीवर घरात चर्चा चालली आणि मी त्यांना एकदाही विचारलं नाही. ते ड्रायव्हर, मी फिजिक्सचा.

चार वाजत आले तशी त्यांनी गिअर न्यूट्रलला घेतला, उतरले आणि दोन्ही हातांनी दार लावलं. पाळण्यातलं पोर उठेल अशा बेताने लावलं. दार पहिल्या खाचेत अडकलं आणि तिथेच राहिलं. आत दिवा जळत होता. उजेडात तो दिसत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी कऱ्हाडला एका लग्नात अण्णांनी हेच दार आपटलं होतं. गाडी माझी, पॉलिश केलेली, समोर व्याही मंडळी. मी म्हणालो, "अहो अण्णा, हळू! हे एसटीचं दार नाही." लोक हसले. मीही हसलो. अण्णा हसले की नाही ते मी पाहिलं नव्हतं. खांबाआड उभा असताना ते आठवायचा मी फार प्रयत्न केला. नाही आठवत.

मी गाडीपाशी गेलो नाही. ते जिना चढेपर्यंत थांबलो, मग दार नीट लावलं. बॅटरी वाचली नाहीच. इतक्यांदा तळ गाठल्यावर ती काय वाचणार! जुनी देऊन नवी आणली. बॅटरीवाल्याने विचारलं, "लीकेज घावलं का सर?" मी म्हटलं, "घावलं. किरकोळ होतं."

संध्याकाळी चहा पिताना अण्णांना सांगितलं, "त्या ड्रायव्हरकडच्या दाराची लॅच ढिली झालीय. आपटल्याशिवाय बसत नाही."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "मग एसटीसारखंच झालं की!"

"हो ना."

दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी असताना खाली असं दार वाजलं, की तिसऱ्या मजल्यावर चहाचं आधण हललं. "अण्णा आले," बायको म्हणाली आणि साखर टाकली. गणपती तेवढा डॅशबोर्डवरून निसटला. त्याला आता दोन्ही बाजूंची टेप लावलीय.