मिक्सर चालला मिस्फाला

शांततेच्या शोधात माणसं आळंदीला जातात, हिमालयात जातात. कुणी नुसताच मोबाइल बंद करतं. काँक्रीटचा मिक्सर घेऊन शांततेच्या शोधात निघालेला माणूस मात्र माझ्या पाहण्यात एकच, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे.

दाजी मूळचे कागलकडचे. मस्कतमध्ये त्यांची छोटी छोटी कामं चालायची: कंपाउंडची भिंत, व्हिलाची डागडुजी, गच्चीची गळती. "हितं घर एक आन् कंत्राटदार धा," ही त्यांची कायमची तक्रार. तेवढ्यात त्यांना मिस्फात अल् अब्रियीनचा शोध लागला. हजर डोंगररांगेतलं, हमरा गावाच्या डोक्यावरचं खेडं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेनं 2021 मध्ये जगातल्या उत्तम पर्यटन-खेड्यांत त्याचं नाव घातलं आणि तिथल्या जुन्या मातीच्या घरांत पाहुणे उतरू लागले.

"पडकी घरं, परदेशी पाव्हणं, आन् एक कंत्राटदार न्हाई!" दाजी म्हणाले.

"एकही का नाही, ते आधी विचारा," ताई म्हणाली. दाजींनी विचारलं नाही.

दुसरं कारण हवेचं. ओमानात जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला सरकारी मनाई असते. डोंगरावर थंडावा, म्हणजे कामाचे तास जास्त, असा दाजींचा हिशेब. कायदा हवा बघत नाही, घड्याळ बघतो, हे त्यांना नंतर कळलं.

मी पाहुणा म्हणून मस्कत बघायला गेलो होतो. मस्कत राहिलं बाजूला. सुट्टीचा दिवस म्हणून शुक्रवारी पहाटे पिकअपमध्ये फळ्या, घमेली, थाप्या, ओळंबे आणि मी अशी भरती झाली. मागे दोरानं बांधलेला मिक्सर. समाइलच्या खिंडीपासून डोंगर सुरू झाले. नुसते नागडे, तपकिरी, करवतीच्या दात्यांचे. मी भारावून काहीतरी बोलणार, तोच दाजी म्हणाले, "पाव्हणं, ह्याची खडी काय झकास निघंल!"

निझव्यात चहाला थांबलो, ते चुकीच्या वारी. शुक्रवारी सकाळी इथल्या किल्ल्याशेजारी गुरांचा बाजार भरतो. मधोमध गोल चबुतरा, सभोवती वाट. विकणारे त्या वाटेनं शेळ्या-बोकड फिरवतात आणि घेणारे दोन्ही अंगांना बसून हात वर करतात. शेळी थांबवायची, दात बघायचे, कास चाचपायची, नाक मुरडायचं. आमची पिकअप या गर्दीच्या कडेला अडकली. एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ, डोक्याला रंगीत मुसर म्हणजे फेटा, हातात काठी, मिक्सरपाशी थांबले. त्यांनी त्याला एक फेरी मारली. तोंडात डोकावले. काठीनं पोटावर टकटक केलं. मग बोटं दाखवून विचारलं, "कितना?"

"विकायचा न्हाई," दाजी म्हणाले.

म्हातारबाबांना हा घासाघिशीचा पहिला डाव वाटला. त्यांनी एक आकडा सांगितला. शेजारच्या बोकडवाल्यानं तो कमी आहे असं मत दिलं. तिसऱ्यानं चाक हलवून त्यात खोट काढली. आकडा चढत गेला आणि माझ्या लक्षात आलं की दाजी आता "न्हाई" म्हणण्याआधी जरासे थांबतायत. मी त्यांना ओढून गाडीत बसवलं नसतं, तर आम्ही मिस्फाला मिक्सरऐवजी सात बोकड घेऊन पोचलो असतो. माझ्या मते धंदा तोच बरा होता.

हमऱ्यात गोदामाची जागा दाखवायला आलेले घरमालकही वयानं ज्येष्ठ. आधी खजूर, मग कहवा, मग माझ्या मुलाबाळांची चौकशी. भाड्याचा विषय निघेना. मुंबईचा निघाला. हिंदी त्यांची माझ्यापेक्षा बरी. त्यांच्या लहानपणी या देशात आपलाच रुपया चाले. रिझर्व्ह बँकेनं 1959 मध्ये आखातासाठी वेगळा काढलेला रुपया इथे 1970 पर्यंत होता. सुलतान काबूस यांचे आजोबा तैमूर गादी सोडून शेवटी मुंबईत राहिले आणि 1965 मध्ये तिथेच वारले. एवढा इतिहास झाल्यावर मालकांनी भाडं सांगितलं. ते मात्र आजच्या रियालमध्ये होतं.

मिस्फाच्या वेशीवर गाडी थांबली ती थांबलीच. पुढे दगडी पायऱ्या, कमानी, दोन माणसं समोरासमोर आली तर तंटा होईल अशा गल्ल्या. मिक्सर बाहेर राहिला. पर्यटक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले.

दाजींचं पाण्यावाचून अडलं. गावातून फलजचं पाणी खळाळत जातं. उतार धरून कालव्यानं आणलेलं, खजुराच्या बागांना पाळीनं मिळणारं. ओमानातल्या अशा पाच फलजना युनेस्कोनं 2006 मध्ये जागतिक वारसा ठरवलंय. पाळीचा हिशेब अर्ध्या-अर्ध्या तासाचा, पूर्वी दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजलेला. पाण्याच्या कारभाऱ्यानं दाजींचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि सिमेंटला पाणी मारायला रात्री दोनची पाळी देऊ केली, तीही कुणाची तरी मोकळी झाली तर.

"शेतीपंपाची लाइटच की ही," दाजी म्हणाले. कागलचा माणूस तिथे पहिल्यांदा जरा रुळला.

पहिलं काम मिळालं ते बांधायचं नव्हतंच. एका घराला आधी कुणीतरी मारलेलं सिमेंटचं प्लास्टर काढायचं होतं. मशीन लावायचं नाही, वर पाहुणे झोपलेत. छिन्नी-हातोडा, आणि तोही दुपार टळल्यावर. नंतर त्यावर सारूज लावायचं. माती भाजून, कुटून केलेला हा लेप बघून दाजी उडालेच. "आरं, ही तर आपली चुना-सुरखी! आमच्या आज्ज्यानं वाडं बांधलं ह्यात!" मग मात्र त्यांनी मुकादमाला बाजूला सारून स्वतः थापी धरली. बघत राहावं असा हात फिरत होता.

भिंत झाली. घरधनी आले. नखानं खरवडून पाहिलं, मान डोलावली आणि गॅरंटी विचारली.

"दस साल!" दाजी छाती काढून म्हणाले.

"सिर्फ दस?" घरधन्यांचा चेहरा पडला. पलीकडच्या खोलीची भिंत, त्यांच्या म्हणण्यानुसार, तीनशे वर्षांची होती आणि ती ज्यानं बांधली त्याच्या वंशजांशी त्यांचं अजून येणं-जाणं होतं.

दाजींनी कोटेशनचा कागद मागून घेतला आणि दहावर एक शून्य चढवलं. तसंच एक रकमेच्या रकान्यात चढवायला गेले, तेव्हा घरधन्यांनी हसत हसत त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.