कराटेचा कुलवृत्तांत

मुलीला कराटेच्या क्लासला सोडायला गेलात आणि सरांना चुकून विचारलंत, "सर, हे आणि नाल्यापलीकडच्या क्लासमधलं कराटे एकच ना?" तर त्या संध्याकाळी घरी लवकर पोचायची आशा सोडा. मी विचारलं होतं. सरांनी शिट्टी खिशात टाकली, "किबा-दाची! खाली बसा, अजून खाली!" म्हणत वीस पोरांना हवेतल्या घोड्यावर बसवलं आणि माझ्याकडे वळले.

"मुळात एकच हो. पण..."

या 'पण'नंतर ओकिनावा सुरू होतं.

प्रत्येक लग्नात एक काका असतात. पंगतीत शेजारी बसलेल्याचं आडनाव कळलं की जिलबी पानात पडायच्या आत ते त्याच्या आजीचं माहेर काढतात. सर त्याच जातकुळीतले. फक्त त्यांचं मूळ गाव शुरी. शुरी ही ओकिनावाची जुनी राजधानी, खाली नाहा हे बंदर, मध्ये तोमारी. अंतर इतकं कमी की आज शुरी नाहा शहरातच जमा आहे. तरी तिन्हीकडचा 'ते', म्हणजे हात, वेगळा: शुरी-ते, नाहा-ते, तोमारी-ते. "पेठ ओलांडली की आमटी बदलते ना, तसं," सर सांगतात. एवढं बोलून त्यांना पोरांची आठवण होते. "उठायचं नाही रे!"

मग इतोसू आजोबा येतात. सर त्यांना आजोबाच म्हणतात. आन्को इतोसूंनी १९०१ मध्ये कराटे ओकिनावातल्या शाळेत नेलं आणि लहान मुलांना झेपतील असे पाच पिनान काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे संच, बसवले. "तुमची मुलगी आत्ता जे करते ते आजोबांचंच." माझी मुलगी आत्ता डास मारत होती. नाहाच्या बाजूला हिगाओन्ना. ते समुद्र ओलांडून चीनमध्ये शिकून आलेले. "दोघंही एकाच वर्षी गेले, १९१५," सर आवाज उतरवून म्हणतात. जणू दोन्हीकडे हे खांदा द्यायला होते.

पुढच्या पिढीवर मात्र सर फार रमतात. इतोसूंचे शिष्य फुनाकोशी १९२२ साली प्रात्यक्षिक दाखवायला तोक्योला गेले आणि तिकडेच राहिले. ते आपलं शोतोकान. हिगाओन्नांचे शिष्य मियागी, त्यांचं गोजू-रयू. फुनाकोशींकडे शिकलेले ओत्सुका आधीचेच जुजुत्सूतले तयार गडी. "जावई म्हणून आले नि वादो-रयूचं वेगळं बिऱ्हाड केलं." आणि माबुनी? माबुनी दोन्ही गुरूंकडे शिकले. त्यांनी इतोसूंच्या नावातलं पहिलं अक्षर घेतलं, हिगाओन्नांच्या नावातलं पहिलं घेतलं, त्यांचे दुसरे उच्चार 'शि' आणि 'तो' जोडले आणि शितो-रयू नाव ठेवलं. "सासर-माहेर दोन्ही आडनावं लावतात ना हल्ली मुली? माबुनींनी तेव्हाच केलं!" इथे सर स्वतःच टाळी देतात. ती घ्यावी लागते.

सरांचे एक फुनाकोशी स्कूटरच्या डिकीत असतात, लॅमिनेट केलेले. रोज संध्याकाळी ते बाहेर निघतात, खिडकीच्या गजाला लटकतात, वीस पोरांचं 'ओस' स्वीकारतात आणि रेनकोटाशेजारी परत जातात. पण सरांचा या फोटोवरही एक राग आहे. फुनाकोशींनी 'पिनान'चं 'हेइआन' केलं ते ठीक. पण पहिल्या दोघांची अदलाबदल कशाला? शितोवाल्यांचा दुसरा पिनान, म्हणजे 'निदान', तो आपला पहिला हेइआन, म्हणजे 'शोदान'. क्लास बदलून आलेला एक मुलगा यावरून रडला होता. सरांनी त्याला पाऊण तास समजावलं. त्यानंतर तो पुन्हा रडला.

आता नाल्यापलीकडची गोष्ट. तिथे शितो-रयू शिकवणारे सर हे आमच्या सरांचे सख्खे गुरुबंधू. एकाच मंगल कार्यालयात, एकाच गुरूंच्या हाताखाली दोघांनी छड्या खाल्ल्या. पुढे बेल्टच्या परीक्षेच्या फीवरून बिनसलं. आमचे सर शुरीच्या राजवाड्यापर्यंतची नाती तोंडपाठ सांगतात, पण नाला आला की वंशावळ तुटते. "तो?" म्हणतात आणि शिट्टी फुंकतात. भाऊबंदकी हा शब्द आपल्या भाषेने उगाच नाही केला. आधी भाऊ लागतात.

गेल्या जुलैत पाऊस असा कोसळला की दोन्ही क्लास आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरले. एका खांबाच्या अलीकडे आमची पोरं, पलीकडे त्यांची. दोन सर, दोन दिशांना तोंडं. इकडून "हेइआन शोदान!" तिकडून, बहुधा मुद्दामच, "पिनान निदान!" आणि चाळीस पोरं एकदमच डावीकडे वळली. आमची खोल बसलेली, त्यांची जरा उंच. बाकी वळणं तीच, पावलं तीच. वॉचमनला वाटलं, एकच मोठा क्लास आहे.

तिकडच्या एका पोराची मागची टाच उचलली जात होती. आमच्या सरांना दिसली. त्यांनी मान फिरवली, पुन्हा पाहिलं, ओठ चावला. शेवटी राहवलं नाही.

"टाच! ए बाळा, टाच टेकव!"

पार्किंग गप्प. खांबामागून आवाज आला, "त्याची टाच मी बघतो. तू तुझ्या पोरांचे खांदे बघ."

नऊ वर्षांतलं दोघांचं हे पहिलं संभाषण. आमच्या सरांनी खरंच खांदे पाहिले. वर चढलेले होते.